एक्केचाळीस

पाइदे. जानेवारी. पहाटेचे दोन चाळीस.
बाहेर उणे एकोणीस, आणि डेअरीच्या फाटकाशी
दुधाचे अकरा टँकर, इंजिनं चालूच ठेवून,
कारण बंद केली तर पुन्हा धडधडतील याचा भरवसा नाही.
वजनकाट्यावरून उर्मासचा तिसरा फोन:
"नोंदच होत नाही. नुसतं चक्र फिरतंय."

मी खोळंबलेल्यांची यादी काढते.
एकशे चौदा अडलाय एकशे सहापाशी,
एकशे सहा नव्व्याण्णवपाशी,
नव्व्याण्णव एक्केचाळीसपाशी.
रांग म्हणावी, तर कुणालाच
पुढच्याची पाठ दिसत नाही.

एक्केचाळीस मात्र कुणाचीच वाट बघत नाही.
हेल्वे, हिशेब खातं.
संध्याकाळी चार सत्तावन्नपासून
एक ओळ मुठीत धरून गप्प.

तिच्या टेबलाशी जाते. स्क्रीन काळा.
खुर्चीवर शाल, मगाच्या तळाशी वाळलेली कॉफी.
लेकीला कळा सुरू झाल्या म्हणून
ती तशीच उठून तार्तूला पळाली, रखवालदार सांगतो.
फोन बंद.

प्रीदिक म्हणतो, "मारून टाक एक्केचाळीसला."
आमच्यात असंच बोलतात. रक्त निघत नाही.

ओली शाई वाचायची एक चोरवाट असते.
वाचू नये म्हणतात. मी वाचली.
एन्देल कासिक, तेरा गाई.
दुधात पाणी. दंड दोनशे दहा युरो.
दोनशे दहा खोडून तिथं शून्य,
आणि पुढे काहीच नाही. जतन केलेलं नाही.

दुसऱ्याचं अर्धं वाक्य
मला पुरं करता येत नाही. फक्त पुसता येतं.

पुसलं.
दोनशे दहा जागेवर आले,
जणू कुणाच्या मनात कधी काही आलंच नव्हतं.
नव्व्याण्णव सुटला, एकशे सहा, एकशे चौदा;
खिडकीखालून पहिला टँकर करकरत आत आला.

हेल्वे परवा आली. मुलगी झाली म्हणाली,
साडेतीन किलो, आणि डोक्यावर हे एवढं जावळ.
केक कापला. मग स्क्रीन उघडला
आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.
"मीच मारलं," मी म्हटलं. "टँकर गोठत होते."
तिनं मान हलवली, मग विसळून आणला,
पुन्हा बसली. चार-पाच कळांचा आवाज, एक जोरात.
लगेच लॉग-आउट.

ओळ मी या खेपेला उघडून बघितली नाही.