एक वाफा सोडून

पहाटे साडेपाचला जायचं.
तेव्हा भुंगेरे दवानं जड झालेले असतात.
उन्हं चढली की शहाणे होतात.

डाव्या हातात साबणाच्या पाण्याची बरणी,
ऑलिव्हची होती, झाकणाला अजून वास येतो.
उजव्या हातात कारखान्यातला चिमटा.
एकतीस वर्षं ह्याच चिमट्यानं
स्वस्तातल्या ब्रोचांवर मी लाल मिना भरला,
म्हणून सांगते,
असा लाल आम्हाला कधी साधला नाही.
भट्टीतून निघाला की एक तरी बुडबुडा, एखादा ओरखडा.
आणि हा बघा, लिलीच्या पानावर, बिनचूक.
काय खोट काढून नाकारू ह्याला?
नाकारते तरीही.

आधी पानाखाली तळवा, मग वरून चिमटा.
चुकलात तर पाय आखडून तो खाली पडतो, उताणा,
आणि पोट त्याचं काळं, मातीहून काळं.
समोर असून दिसत नाही.
पहिल्या वर्षी अख्खा जून मी जमिनीला शिव्या दिल्या.
आता झाडाखाली उशीची जुनी पांढरी खोळ अंथरते.
मेल्याचं सोंग पांढऱ्यावर वठत नाही.

बोटांत धरला की चिरकतो.
मसुरीएवढा जीव, पण तक्रार नोंदवून जातो.
ह्याची सवय झाली म्हणणाऱ्या बाईवर
विश्वास ठेवू नका.

पानामागे नारिंगी अंडी, ओळीनं,
कुणी घाईत घातलेले टाके जणू. ती अंगठ्यानं पुसायची.
अळ्या मात्र आपलीच घाण पाठीवर थापून हिंडतात.
पलीकडची युनिस म्हणते, अगं, बाटली मिळते दुकानात,
दहा मिनिटांचं काम.
फवाऱ्याचं नाव निघालं की फिर्मिनो स्वयंपाकघरातून खोकतो.
मुलाम्याच्या हौदांवर बावीस वर्षं काढली त्यानं.
त्याच्या खोकल्यापुढे आमच्या घरात
कुणाचं काही चालत नाही.

मे महिन्यात विद्यापीठातला एक पोरगा आला, लेम्युएल.
खिशात काचेची नळी, नळीत मिरपूड.
मिरपूड उडत होती.
ह्या माश्या अळीच्या अंगात अंडी घालतात, म्हणाला,
मग आतून...
आणि थांबला. माझे पांढरे केस बघून असेल.
म्हटलं, बाळा, अझोरच्या बेटावर वाढलेय मी,
दर हिवाळ्यात डुक्कर कापायचो. पुढं सांग.

पुढचं कठीण होतं.
एक वाफा सोडावा लागेल, म्हणाला.
त्यातलं काही वेचायचं नाही, थंडीतही माती हलवायची नाही,
ह्यांची पिल्लं तिथंच झोपतात.
अळ्याच नसल्या तर ह्या जगणार कशावर?

कुंपणाजवळचा दिला.
पांढऱ्या लिलींचा, ज्या दरवर्षी
पवित्र आत्म्याच्या सणाला चांदीच्या मुकुटाशेजारी जातात.
का तोच, विचारू नका.
नावडता दिला असता तर ते देणं झालं नसतं, एवढंच.

जून गेला. पानांची चाळण झाली,
मग चाळणही उरली नाही, नुसते दांडे.
सणाला ह्या वर्षी विकतचे कार्नेशन.
पाद्री काही बोलले नाहीत,
झुल्मिराच्या लिली कुठायत, असं
बायकांनीच मागच्या बाकांवरून विचारलं, मला ऐकू येईल इतपत.

रोज पहाटे बाकीचे वाफे वेचून
मी त्या वाफ्यापाशी येते,
चिमटा एप्रनच्या खिशात घालते,
हात पाठीमागे धरते.
वेचण्यापेक्षा हे जड आहे.

परवा लेम्युएलनं एक अळी बशीत घेऊन उकलली.
त्याचं भिंग कुचकामी, मी माझं दिलं, कारखान्यातलं.
वाकून पाहिलं तर आत फिकट दाणे, एकमेकांना टेकलेले.
किती?
सात, तो म्हणाला.
मी पुन्हा मोजले. नजर अजून शाबूत आहे माझी.

आठ होते.