हातघाई

हॅरिस बेटाच्या पश्चिम कडेला,
समुद्र आणि दफनभूमी यांच्यामध्ये नऊ होल.
मेंढ्यांसाठी कुंपण आहे; मेंढ्यांना ते मान्य नाही.
तिथे अठ्ठावन्नाव्या वर्षी
मी चेंडू मारायला शिकतोय.

मर्डीना मासळीच्या उपड्या क्रेटवर बसते.
ब्याऐंशी वर्षं, झिजलेला उजवा खुबा,
आणि एक काठी, जी तिच्यापेक्षा
माझ्या पोटऱ्यांना टोचायच्या कामी येते.
जन्मात तिने क्लब हाती धरलेला नाही.

"आलास पुन्हा हातघाईवर," ती म्हणते,
आणि चेंडू उजवीकडे वळत वळत
थडग्यांच्या भिंतीपलीकडे जातो,
जिथे माझी जुनी गिऱ्हाइकं
हल्ली पत्रांवाचून राहतात.

"लॉक्लन, तीस वर्षं टपाल वाटतोस.
पत्रं तू लिहितोस का?"
"नाही."
"मग हातांना का लिहायला लावतोस?
हात नुसते पोस्टमन.
पत्र खाली लिहिलं जातं. तळपायांत."

मग ती पीटच्या गोष्टीत शिरते.
दलदलीतली काळी, जळाऊ माती,
विटेच्या आकाराची, पण ओली,
झोपलेल्या मुलाएवढी जड.
बाप खाली चरात उभा राहून कापायचा,
ही झेलायची आणि काठावर फेकायची,
मे महिन्यातल्या न संपणाऱ्या उजेडात
दिवसाला हजार.
पहिल्या दिवशी हातांनी फेकल्या.
रात्री चमचा उचलेना.
सकाळी बाप एवढंच म्हणाला:
कमरेला विचार.

आता ती मला विचारायला लावते.
उजव्या टाचेत आधी साठव,
कणगीत धान्य साठावं तसं, आवाज न करता.
मांडी पिळू दे. पिळलेली राहू दे.
खांदे अजून मागेच निघालेले असतात
तोवर डावी टाच जमिनीवर येते,
हलकेच, उशिरा घरी आलेल्या माणसासारखी.
तिथे सुरू होतं.
बाकीचे मागाहून येतात,
गुडघा, खुबा, बरगड्या, खांदा,
मग हात,
आणि सगळ्यांत शेवटी ते लोखंड,
ज्याला वाटतं, आपणच मारलं.

"आणि वारा?"
"वाऱ्याला पाय नाहीत. तुला आहेत."

एकदाच जमलं.
नेमकं धुकं होतं, चेंडू गेला कुठे दिसलंच नाही.
फक्त आवाज, सुकं लाकूड एका घावात फुटावं तसा,
आणि माझ्या पट्ट्याचं बक्कल समुद्राकडे वळलेलं,
उजवी टाच हवेत,
हात कुठे आहेत याचा मला पत्ता नाही.
एक मेंढी चरता चरता थांबली.
"हे पायांचं," मर्डीना म्हणाली.
तिचे डोळे मिटलेले होते.

त्यानंतर आजवर नाही जमलं.
रविवारी इथे कुणी खेळत नाही,
म्हणून त्या दिवशी मी स्वयंपाकघरात
नुसत्या टाचा टेकवून पाहतो.
बायको म्हणते, फरशी झिजेल.

काल तिच्या नावाचं पाकीट आलं,
स्टॉर्नोवेच्या इस्पितळाचा शिक्का.
आत तारीख असणार,
चौदा महिने वाट पाहिलेली.
व्हॅन खाली ठेवून चढण चढलो.
एवढासा कागद, हाताला वजन कसलं?
पण पाऊल टाकावं तसं
पायांखालून काहीतरी वर चढत होतं
आणि मी ते हातांपर्यंत पोचवत होतो.

तिने दारातच फोडलं.
वाचताना सगळा भार डाव्या पायावर,
उजवी टाच किंचित उचललेली,
तोंड समुद्राकडे.
मी पाहत राहिलो:
असंच तर उभं राहायला सांगते ती मला,
सगळं सुटून गेल्यावर.

"गुरुवारी मी नाही," ती म्हणाली.
"क्रेट मात्र तिथेच असू दे."