बोनस रेषा

नागनाथ म्याकल कॅम्पला गेला नाही.
भरलेली बॅग तीन आठवडे दारात आहे म्हणे,
आता तिच्यावर मांजर झोपतंय.

आमच्या शेडात ही बातमी
रात्रपाळीच्या चहाबरोबर आली,
अन् सोळा मागांच्या खडखडाटात
ज्याला त्याला वेगळी ऐकू आली.

अंबण्णा माग बंद न करताच ओरडला,
"अजून किती पायजे बे त्याला?
आपल्याला एका टॉवेलमागं काय सुटतंय
सांग की जाऊन."
दस्तगीर कांडी बदलत होता.
"ते मालकाला सांग की.
नागूला कशाला सांगालास?"

मग हिशेब निघाले.
लिलावात घेतला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं,
तीन वर्षांचा करार, त्याच भावात.
गेल्या मोसमात चढाईचे दोनशे चौदा गुण,
गुडघ्याला पट्टी बांधून.
दोन सामने बाकावर बसला, त्याचे पैसे कापले.
त्याच्या नंबरचा शर्ट नव्या पेठेत साडेतीनशेला;
त्यातलं त्याला काय?
"काय नाय," दस्तगीर म्हणाला.
"काय नाय कसं? नाव झालं की," अंबण्णा.
"नाव उकळून पितोस काय?"

यन्नम मास्तर दिवाणजी, चष्म्यावरून बघत म्हणाले,
करार म्हणजे करार. सही केली होती ना?
अंगठा तर नव्हता.
आम्ही गप्प झालो,
कारण आमच्यापैकी कुणाचीच
कसल्याच कागदावर सही नाही.

मी म्हणालो, वर्ष वाया जाईल त्याचं,
गुडघा किती दिवस टिकणार?
"म्हणूनच की," दस्तगीर म्हणाला, अन् एवढंच.
खरं सांगायचं तर मला त्याच्या गुडघ्याचं काही नव्हतं.
मला शुक्रवारचा सामना बघायचा होता.
पोराला तो शर्ट घेऊन दिलाय,
तो रोज विचारतो, मी रोज उद्या म्हणतो.

दस्तगीर शाळेत असताना तालुक्याला खेळलेला.
खाली सांडलेल्या सुताच्या कचऱ्यात
त्याने पायानं एक रेघ ओढली.
"बोनस कसा घेतात बघितलाय का?
एक पाय रेषेपार, दुसरा हवेत.
अन् समोर निदान सहा जण पायजेत,
पाच असले तर मिळत नाय.
तो आत्ता तसाच उभाय."
"आपला बोनस दोन हप्त्यांत दिला," अंबण्णा म्हणाला,
"वर स्टीलचा डबा."
सगळे हसले. मास्तर नाही हसले.
डबे त्यांनीच वाटले होते.

पुढचं माझ्या बायकोनं सांगितलं.
ब्रँचमध्ये विड्या द्यायच्या रांगेत
नागूची आई नरसम्मा तिच्यापुढे होती.
(पोरगा टीव्हीवर दिसतो, ही अजून हजारावर वळते.)
चेकरनं मूठभर विड्या छाटीत टाकल्या
अन् म्हणाला, पोराला सांग, हट्ट सोड म्हणावं.
नरसम्मा काही बोलली नाही.
छाट टाकलेल्या विड्या एकेक उचलून
तिनं टेबलावर ओळीनं मांडल्या.
"यातली वाकडी दाखव."
त्यानं दुसरीला हाक मारली.
ती हलली नाही.
मागे साठ बायका, उन्हं वर आलेली,
घरी भात शिजायचा राहिलेला,
कुणी म्हणाली सोड गं, कुणी म्हणाली मोज म्हणाव त्याला.
पाऊण तास.
"मग?" मी विचारलं.
"मग काय, तेवीसपैकी एकोणीस घेतल्या."
"अन् चार?"
"त्या खरंच वाकड्या होत्या."

रात्री मी हे शेडात सांगितलं.
अंबण्णानं धोटा हातात धरून ऐकलं,
तुटलेला धागा थुंकी लावून जोडला,
माग सुरू केला,
अन् खडखडाटातून बराच वेळानं म्हणाला,
"ते सगळं खरं आहे बे.
पण शुक्रवारी चढाईला जायचं कुणी?"