खरवड

गुरुवारी संध्याकाळी फाहाहीलवर धूळ उतरते
तेव्हा मी खिडकीच्या फटीत ओला पंचा कोंबते
आणि ओव्हन पेटवते.
गॅसचा आहे, आधीच्या भाडेकरूंनी मागे टाकलेला,
डावीकडची ज्योत दांडगी, उजवीकडची नावापुरती.
घरमालकाला सांगून झालं. तो म्हणाला, इन्शाल्ला.
त्याला सात वर्षं झाली.

हा मकरोना मला दुसऱ्या मजल्यावरच्या नजवाबाईंनी शिकवला.
त्या अलेक्झांड्रियाच्या, मी कुडाळची,
दोघींत मिळून चाळीसेक शब्द,
त्यातले बारा भाज्यांचे.
मैदा लोण्यात परतायचा, त्या म्हणाल्या.
हे तर येतं मला, असं म्हणून मी
बेसनाच्या लाडवासारखा भाजत सुटले.
त्यांनी हातातून उलथनं काढून घेतलं.
बस. रंग यायच्या आधी थांबायचं.
ते थांबणं शिकायला मला दोन हिवाळे लागले.

मग दूध. एका हाताने धार, दुसऱ्याने घोटणं,
श्वय्या श्वय्या, म्हणजे थोडं थोडं.
पिठल्यात खपते गुठळी, इथे नाही.
शेवटी जायफळ. ते किसताना बघून
मी सवयीने साखरेचा डबा पुढे केला.
ही गोष्ट त्या अजून लिफ्टमध्ये लोकांना सांगतात.

खिम्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही.
दालचिनी त्यांची,
वर चमचाभर मालवणी मसाला माझा.
नळ्या दोन मिनिटं कच्च्याच उतरवायच्या.
नळ्या, खिमा, परत नळ्या,
मग सॉस असा ओतायचा की काहीच दिसू नये.
वीस मिनिटांनी ट्रे फिरवायचा, डावं उजवीकडे.
तरी एक कोपरा जळतोच.

ट्रेला कोपरे चार, आम्ही माणसं पाच.
आणि कोपरा म्हणजे दोन्ही कडांनी खरवड,
त्यासाठीच तर सगळा खटाटोप.
दिगंबर रिफायनरीतून यायचा
तो कपाळावर हेल्मेटचा वळ घेऊन,
बूट काढायच्या आधी आपला कोपरा सांगायचा.
निषाद एकदा खरंच फूटपट्टी घेऊन बसला.
जुई नुसतीच बोट रोवून ठेवायची, गरम असलं तरी.
तीन चांगले कोपरे तिघांचे.
जळका चारुताचा.
मला कोळसाच आवडतो, म्हणायची,
आणि दातांना काजळी लावून सगळ्यांना हसवायची.
मला मधलं मऊ आवडतं,
असं मी सांगत असे.

ऑगस्टमध्ये ती सांगलीला गेली, हॉस्टेलवर.

नंतरच्या गुरुवारी निम्मंच दूध घ्यावं की काय,
अशी जमियात फ्रीजसमोर उभी राहिले.
मग नेहमीएवढंच घेतलं.
जेवताना तिघांनी आपापले कोपरे उचलले,
भांडण झालं नाही. किती शांत.
चौथा ट्रेमध्ये तसाच,
काळा, चिकटलेला.
टाकवेना, म्हणून सुरीने खरवडून
ताटात घेतला.

कडू होता.
खमंग वगैरे काही नाही, नुसता कडू.
हा कुणाला आवडणं शक्य नाही.
मी घास तोंडात धरून बसले.
जुई म्हणाली, आई, मधलं घे ना, तुला मऊ आवडतं.

रात्री फोन आला. तिच्या मागे दोरीवर
कुणाकुणाचे टॉवेल वाळत होते.
मेसमध्ये आज काय होतं, ते तिने सांगितलं नाही.
माझा कोपरा कुणी खाल्ला, विचारलं.
मी.
आवडला?
हो, मी म्हटलं, छान होता.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मला वाटलं नेटवर्क गेलं.
मग म्हणाली, आई, तो ओव्हन
दुरुस्त करून घे आता.

इन्शाल्ला, मी म्हटलं.