कड्यावरचा हेमलॉक

हेमलॉक म्हटलं की आपल्याला विषाचा प्याला आठवतो.
हे ते नव्हे. हे झाड,
कॅरोलिनाच्या डोंगरात माती संपून
खडकाची चीर सुरू होते, तिथे उभं राहणारं.
राहायचं, म्हणायला हवं.

व्हर्लीन शिडीवर. एप्रिल, बोटं गारठलेली.
फांद्यांच्या टोकांना मादीफुलं, तुरीच्या दाण्याएवढी,
त्यांवर कागदी पिशव्या बांधलेल्या, भलता वारा लागू नये म्हणून.
ती सुईने पिशवीत पराग फुंकते,
चिनी हेमलॉकचा, डबीत थंड जपलेला.
मग भोकावर चिकटपट्टी. वहीत नंबर.
सोयरीक आज; मुलं कशी निघाली
ते कळायला वर्षं जातील.

आणि तिथेच, पानांच्या पोटाशी,
बोंडातून सांडल्यासारखे पांढरे ठिपके.
नाव किडा, पण सगळ्या माद्याच.
नर लागत नाही, पिशवी लागत नाही,
एकटीच्या पोटातून अख्खं गाव.
"त्यांना शिडी चढावी लागत नाही," व्हर्लीन म्हणते.

शिडी धरलीय तिच्या वडिलांनी, ऑर्व्हिलनी.
त्यांच्या घरामागच्या कड्यावर एकोणचाळीस होती.
आता राखाडी सांगाडे. रात्री वाऱ्यात एखादं कडाडतं
आणि ते अंथरुणात मोजतात.
"हे आपलं झाड नव्हे. अर्धं परकं."
"किडा कुठे आपला होता? तो तर पुरता परका."
दोघंही हसत नाहीत.

रोपं गुडघ्याला लागली की खरं काम.
किडलेल्या फांद्या तोडून आणायच्या
(ऑर्व्हिलच्याच कड्यावरून; एकाची एक बाजू अजून हिरवी आहे)
आणि रोपारोपाला दोऱ्याने बांधायच्या.
ज्यांच्यासाठी जागलो त्यांच्याच अंगावर
आपल्या हाताने रोग सोडायचा.
पहिल्या वर्षी तिने हातमोजे घातले होते.
हा किडा माणसाला काही करत नाही.
तरी घातले होते.

मग भिंग.
एकशे बारा रोपं. पांढरं. पांढरं. पांढरं.
सत्तेचाळीसवर ठिपके जरा कमी.
सहासष्टवर किडे आले, बसले,
आणि वाळून गेले.
ती पान उलटून पुन्हा बघते, दिवा जवळ ओढून.

ऑर्व्हिल एक पान चुरगळतात, नाकाशी नेतात.
बराच वेळ.
"वास?"
"थोडा वेगळा."
मग कुंडी उचलून हातात तोलतात.
"कड्यावर पाणी नसतं हं," ते म्हणतात.
"सांगून ठेव त्याला."