परीटघडी

पार्कबाईंच्या ड्राय-क्लीनिंगमध्ये
मी पहाटे साडेपाचला बॉयलर लावते.
बाहेर टोलेडो गोठलेलं, रस्त्यांवर मीठ.
आत वाफ.
इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये अण्णा उभे असायचे
ती हीच वाफ, असं भावाला म्हटलं एकदा.
तो म्हणाला, ताई, इथे तासावर पैसे मिळतात.

त्यानं माझा अर्ज भरला तेव्हा माझे केस काळे होते.
नंबर लागला तेरा वर्षांनी.
बी.कॉम.ची गुणपत्रिका प्लॅस्टिकात घालून आणली,
अजून प्लॅस्टिकातच आहे.

सुहासिनीचं बाईंनी सू केलं.
मीही त्यांचं पार्कच्या पलीकडचं नाव विचारलं नाही.
फिटंफाट.
आई फोनवर विचारायची, बसली का गं घडी?
बसवते की रोज,
लोकांच्या पँटींची.

पहिल्याच दिवशी बाईंनी एक बरणी दाखवली:
खिशात सापडेल ते इथे.
नाणी, किल्ल्या, एक लग्नाची अंगठी,
एकदा लहान मुलाचा दात.
प्रत्येकाला चिठ्ठी, तारीख, तिकिटाचा नंबर.
दाताचा बाप आठ महिन्यांनी आला
आणि काउंटरवर टेकून रडला.
बाई म्हणाल्या, कोटाचे साडेसहा डॉलर.

शर्टांच्या प्रेसवर मारिसेला.
होंडुरासमध्ये तिनं घर बांधलंय,
पाहिलंय फक्त फोनमध्ये.
म्हणते, स्वयंपाकघराची खिडकी चुकली,
तिथून डोंगर दिसायला हवा होता.

आपल्याकडे स्वप्न पडतं,
जसा भाव पडतो, दात पडतो.
इथे म्हणे त्याचा पाठलाग करायचा.
दहा तास उभं राहून पिंढऱ्यांच्या शिरा फुगल्यात,
मी कुठे पळू?

नागरिकत्वाचे शंभर प्रश्न
प्रेसच्या वर चिकटवले, वाफेनं शाई फुटली.
सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती? नऊ. कॉलर उलट.
राज्यघटनेच्या दुरुस्त्या किती?
सत्तावीस.
हे पाठ करावं लागलं नाही.
दुरुस्ती म्हटलं की आकडा माझ्या लक्षात राहतो.

एप्रिलमध्ये एक काळा झगा आला,
उजवी बाही खिळ्याला अडकून फाटलेली.
काळ्यावर काळं रफू म्हणजे डोळ्यांची माती.
अण्णा सांगायचे,
उभे धागे मोजायचे, आडव्यांना वाट विचारायची.
तीन रात्री विचारत बसले.
बाईंनी बिल लावलं अकरा डॉलर,
त्यातले चार मला.

ऑक्टोबरात कोर्टात एकसष्ट जण उभे होतो,
माझ्या अंगावर वहिनीचा कोट, परीटघडीचा.
न्यायाधीशबाईंनी उजवा हात वर केला,
बाही कोपरापर्यंत घसरली.
रफू दिसलं नाही.
दिसलं असतं तर काम वाईट.
पण मनगटापासून चार बोटं, शिवणीला लागून,
मला जागा ठाऊक होती.
तिथेच बघत राहिले
आणि शपथेतले दोन शब्द गाळले.
कुणाच्या लक्षात आलं नाही बहुतेक.

रजा अर्ध्या दिवसाचीच.
दोन वाजता परत बॉयलरपाशी.
बाईंनी एक नासपती सोलून दिली,
अर्धी स्वतः खाल्ली.

शनिवारी वहिनीचा कोट धुवायला टाकला.
मारिसेलाला खिशात मिळाला
त्यांनी वाटलेला वीतभर झेंडा.
तिनं नियमाप्रमाणे चिठ्ठी लावली,
तारीख घातली, बरणीत ठेवला,
दाताच्या जागी.

तिकीट माझ्याकडे आहे.
अजून मागितला नाही.