चारशे सातच्या पाहुण्यासाठी

नकाशा इथेच राहू द्या, त्यावर मी फुलदाणी ठेवली आहे.
खाली उतरा, डावीकडे वळा,
पाण्याचा वास येईल तिकडे चालत राहा.
जिनिव्हात हरवायला फार कष्ट पडतात:
एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला बँका.

कारंजं आधी बघून टाका, म्हणजे मन मोकळं होईल.
सगळेच बघतात. उंच आहे, हो, खरंच उंच आहे.
पण वारा कुठला आहे ते पाहून उभे राहा.
गेल्या मंगळवारी एक नवरी पांढऱ्या झग्यात
त्याच्यापाशी फोटोला उभी राहिली
आणि वाऱ्यानं कूस बदलली.
नवरदेवानं आधी स्वतःचा कोट झटकला.
मला त्या लग्नाची काळजी वाटते.

भूक लागली तर मोठ्या हॉटेलांच्या ओळीत बसू नका,
तिथे कॉफीत पाण्याकडे बघण्याचेही पैसे लावतात.
पाकीच्या धक्क्यावर जा, दीपस्तंभाकडे.
दुपारी जे शिजलं असेल ते मिळेल,
ताट आपलं आपण उचलायचं,
बाकावर "जरा सरकता का" म्हणायचं.
शेजारी न्यायाधीश निघेल, नाहीतर नळ दुरुस्त करणारा;
टॉवेलात ओळखू येत नाही.

तिथे मादाम दुशोझाल दिसतील. निळी टोपी, वय एकोणऐंशी.
जानेवारीतही पाण्यात उतरतात,
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर एक शिवी हासडून.
तुम्हीही उतरा.
शिवी तुमच्या भाषेतली चालेल.

बीझ सुटला तर मात्र खोलीत बसा.
उत्तरेचा वारा. म्हणतात, तीन दिवस वाहतो,
नाहीतर सहा, नाहीतर नऊ.
त्या दिवसांत कुणाशी महत्त्वाचं बोलू नये.
माझा घटस्फोट पाचव्या दिवशी ठरला.

जुन्या गावात चढून गेलात तर
एक सरकारी चेस्टनट आहे.
त्याला पहिलं पान फुटलं की एक अधिकारी वहीत तारीख लिहितो
आणि वसंत ऋतू कायदेशीर होतो.
माझा परवाना यायला अकरा वर्षं लागली.
झाडाखालच्या बाकावर बसून मी ते मोजलं होतं.
बाक लांबलचक आहे. बसा तुम्हीही.

मों ब्लां दिसला तर दिसला, त्याचा भरवसा नाही.
पण तुमच्या न्हाणीघरात, आरशाच्या वर, ती बारकी खिडकी आहे ना,
टबाच्या काठावर उभं राहिलं तर
दोन छपरांच्या फटीतून, दिवस बुडताना,
तो गुलाबी होतो.
काठ निसरडा आहे. हे मॅनेजरला सांगू नका.

आणि ती जुनी चाकांची बोट?
काल तुम्ही विचारलंत, मी म्हटलं, फार छान.
खोटं बोलले.
एकोणतीस वर्षं तिच्या भोंग्यावर मी उशा झटकते,
चढले कधीच नाही.

                ग्रासा, चौथा मजला

ता. क.
तुम्ही गेल्यावर लिहितेय, पत्ता ठाऊक नाही.
उशीखाली तुमचं बोटीचं तिकीट होतं, आजच्याच तारखेचं.
विसरलात की ठेवलंत?
बक्षिशी तर वेगळी होती, बशीखाली.

दोनला काम संपलं. गणवेश न बदलताच गेले.
बोटीच्या मधोमध यंत्र उघडंच आहे,
पितळेच्या कोपरांसारखं वरखाली होतं,
तेलाचा वास माझ्या वडिलांच्या कपाटासारखा.
एका लहान मुलीनं मला विचारलं,
तुम्ही इथे काम करता का?
नाही म्हणाले. दोनदा म्हणाले.

मग शहर मागे सरकलं
आणि मी आपलं हॉटेल शोधत बसले.
चौथा मजला, छपरांची फट,
एक बारकी खिडकी सताड उघडी.
माझीच चूक.
डोंगरावर ढग जमत होते, आत पाऊस जाणार,
चादरी नव्या अंथरलेल्या.

मी पर्स मांडीवर घेतली
आणि पुढच्या गावापर्यंत बसून राहिले.